वर्क-स्टीलिंग शेड्यूलरमध्ये वर्करची क्यू भरली तर नवीन टास्क कुठे टाकायचा?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागांचे ड्रोनने काढलेले फोटो जोडून तुम्ही १६,३८४ × १६,३८४ पिक्सेलचं एक चित्र बनवता. त्याच्या २५६ × २५६ च्या टाइल्स पाडून प्रत्येक टाइलमध्ये करप्याचे डाग शोधता. टास्क, म्हणजे कामाचे तुकडे, थ्रेडमध्ये वाटणारा शेड्यूलर सी++ मध्ये स्वतः लिहिलेला आहे. वर्कर, म्हणजे टास्क चालवणारे थ्रेड, ८; प्रत्येकाला १,०२४ जागांची क्यू (रांग). ज्याची क्यू रिकामी, तो दुसऱ्याच्या क्यूतून टास्क चोरतो, हेच वर्क-स्टीलिंग. क्यू भरली की टास्क टाकणारा थ्रेड जागा मोकळी होईपर्यंत लूपमध्ये फिरत राहतो. एरवी चालतं, पण मधूनच सगळा प्रोग्राम अडकतो. क्यू ६५,५३६ ची केल्यावर अडकणं थांबलं, पण मेमरी संपायला लागली.

क्यू भरणं ही चूक नाही. भरल्यावर वर्करने वाट पाहत बसणं ही चूक आहे. साध्या उत्पादक-ग्राहक रचनेत वाट पाहणं चालतं, कारण टाकणारे वेगळे आणि काढणारे वेगळे असतात. वर्क-स्टीलिंगमध्ये टाकणारा तोच काढणारा. तुमची प्रत्येक टाइल डागांच्या तुकड्यांसाठी पुन्हा पोट-टास्क काढते, म्हणजे टास्क चालवता चालवता प्रत्येक वर्कर आपल्याच क्यूत आणखी भर टाकत असतो. आठही क्यू एकदम भरल्या आणि आठही वर्कर टास्क टाकण्याच्या पायरीवर जागेची वाट पाहत उभे राहिले, तर क्यू रिकामी करायला उरलं कोण? लूपमध्ये यील्ड (सीपीयू स्वतःहून सोडणं) घातल्याने काही फरक पडत नाही, कारण ज्याच्यासाठी सीपीयू सोडायचा तोही त्याच लूपमध्ये आहे. क्यू ६४ पट केल्यावर हा योग दुर्मिळ होतो एवढंच, जात नाही. उद्या चित्र मोठं झालं की परत तेच.

मेमरीचं कोडं क्यूच्या आकाराने सुटणार नाही, कारण मेमरी क्यू खातच नाही. क्यूत असतात ते फक्त पॉइंटर, म्हणजे टास्कचे मेमरीतले पत्ते; ६५,५३६ पॉइंटर म्हणजे ५१२ केबी, आठ वर्करचे मिळून ४ एमबी. खातात ते टास्क. तुम्ही टास्क बनवतानाच टाइलचे पिक्सेल त्यात कॉपी करता. २५६ × २५६ × ३ बाइट म्हणजे १९२ केबी. चित्रात ६४ × ६४ = ४,०९६ टाइल्स आहेत, तेव्हा नुसत्या रांगेत उभ्या असलेल्या टास्कचे ७६८ एमबी होतात. मूळ चित्रही तेवढंच, त्यामुळे एका चित्राला दीड जीबी लागते. टास्कमध्ये फक्त चित्राचा पॉइंटर, पहिल्या टाइलचा क्रमांक आणि शेवटच्या टाइलचा क्रमांक ठेवा: ८ + ४ + ४ = १६ बाइट. पिक्सेल वाचायचे ते टास्क प्रत्यक्ष चालू झाल्यावर. सगळ्यांत आधी हा बदल करा. तासाभराचं काम आहे आणि त्याने निम्मी तक्रार मिटते.

दुसरा बदल टास्क पाडण्याच्या पद्धतीत. आत्ता एक थ्रेड फॉर-लूप चालवून ४,०९६ टास्क एकामागून एक आपल्या क्यूत टाकतो. बाकीचे सात एका वेळी एक असे उचलतात, त्यांचा वेग पुरत नाही, आणि १,०२४ जागा बघता बघता भरतात. त्याऐवजी सुरुवातीला एकच टास्क द्या: टाइल ० ते ४,०९५. तो हातात घेणारा वर्कर त्याचे दोन भाग करतो, उजवा अर्धा क्यूत टाकतो आणि डाव्या अर्ध्यावर हेच पुन्हा करतो. ८ टाइल्सचा तुकडा उरला की फोडणं थांबवून काम सुरू. ४,०९६ पासून ८ पर्यंत यायला ९ वेळा अर्धं करावं लागतं, म्हणून त्या वर्करच्या क्यूत या कामाचे एका वेळी ९ पेक्षा जास्त टास्क कधीच नसतात. चोराला, म्हणजे चोरणाऱ्या वर्करला, टॉपकडून (क्यूच्या जुन्या टोकाकडून) मिळतो तो सर्वांत जुना, म्हणजे सर्वांत मोठा तुकडा: पहिल्या चोराला २,०४८ टाइल्स. तो आपल्या क्यूत तेच फोडत बसतो, त्यामुळे चोऱ्यांची संख्याही आपोआप घटते. एका टाइलमधून समजा १६ पोट-टास्क निघाले, तरी ९ आणि १६ मिळून २५. जिथे १,०२४ जागा पुरत नव्हत्या तिथे ३२ मध्ये भागतं.

सिल्क या समांतर कामासाठीच्या भाषेत हे याहून नेटकं आहे. तिथे नवा टास्क काढला की वर्कर लगेच त्यातच शिरतो आणि मागे उरलेलं फंक्शनचं पुढचं काम चोरीसाठी ठेवतो, त्यामुळे क्यूची लांबी लूपच्या फेऱ्यांवर नाही तर कॉलच्या खोलीवर ठरते. ब्लूमोफ आणि लायझरसन या संशोधकांनी याच रचनेसाठी सिद्ध केलं की पी वर्करना लागणारी स्टॅकची (फंक्शन कॉलच्या नोंदींची) जागा एका वर्करला लागणाऱ्या जागेच्या पी पटीपेक्षा जास्त होत नाही. पण त्यासाठी कंपायलरची साथ लागते. साध्या सी++ लायब्ररीत टास्क टाकून आपण पुढे जातो, म्हणून अर्धं-अर्धं फोडण्याची शिस्त आपल्यालाच पाळावी लागते.

एवढं करूनही क्यू भरली तर काय करायचं याची सोय ठेवावीच लागते, कारण एखाद्या टाइलमध्ये ३०० डाग निघणारच. यासाठी मला गो भाषेच्या रनटाइमची पद्धत सगळ्यांत पसंत आहे. रस्ट भाषेतल्या टोकियो या लायब्ररीनेही तीच घेतली आहे. दोन्हीकडे स्थानिक क्यू २५६ जागांची, ठरावीक आकाराची. भरली की त्यातली अर्धी उचलून एका सामायिक ग्लोबल क्यूत टाकतात. २५६ पॉइंटर म्हणजे २ केबी, प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या एल१ कॅशमध्ये सहज मावतात. अर्धी का, तर एकेक टास्क हलवला तर भरलेल्या क्यूवरच्या प्रत्येक नव्या टास्कला ग्लोबलचं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घ्यावं लागतं. भुसावळच्या यार्डातून माल हलवायचा तर एकेका वाघिणीला इंजिन जोडत नाहीत, आख्खा रेक काढतात, तसं हे. आणि सगळीच क्यू ओतून दिली तर मालकाच्या हाती काही उरत नाही, पुढच्याच क्षणी तो ग्लोबलकडे काम मागायला येतो. अर्धी हलवली की पुढचे १२८ टास्क लॉकशिवाय टाकता येतात.

तुमची क्यू चेस आणि लेव्ह यांच्या, म्हणजे चेस-लेव्ह पद्धतीची दिसते: मालक बॉटमकडून (नव्या टोकाकडून) टाकतो आणि काढतो, चोर टॉपकडून सीएएस (किंमत अपेक्षेप्रमाणे असेल तरच ती एका झटक्यात बदलणारी सूचना) करून एक उचलतो. तिच्यात ही उचल अशी बसवा. मालकाने आपला बॉटम वाचायचा, टॉप अॅक्वायर ऑर्डरने (पुढची वाचनं याच्या आधी सरकू नयेत अशा रीतीने) वाचायचा. दोघांतला फरक क्षमतेएवढा झाला असेल तरच क्यू भरलेली. वाचलेला टॉप जुना असू शकतो, पण टॉप फक्त वाढतो, त्यामुळे क्यू आहे त्यापेक्षा जास्त भरलेली दिसेल, कमी कधीच नाही. चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. आता टॉपपासूनचे १२८ पॉइंटर स्टॅकवरच्या छोट्या अॅरेत कॉपी करा आणि मगच एका सीएएसने टॉप १२८ ने पुढे सरकवा.  सीएएस फसला, तर कॉपी केलेलं सगळं टाकून द्या आणि नवा टास्क पुन्हा नेहमीच्या वाटेने टाका, कारण सीएएस फसला याचा अर्थ कुणीतरी चोरी केली, म्हणजे जागा झाली. सीएएस यशस्वी झाला, तर ते १२८ टास्क आता फक्त तुमचे. त्यांना एकमेकांना जोडून साखळी करा, ग्लोबलचं लॉक एकदाच घ्या, साखळी शेपटीला अडकवा, लॉक सोडा. साखळीसाठीचा पुढचा-पॉइंटर टास्कच्या रचनेतच ठेवा, म्हणजे ओव्हरफ्लोच्या वेळी नवी मेमरी मागावी लागत नाही. ताण असताना अॅलोकेटरच्या दारात जाणं मला मान्य नाही.

गोमध्ये नवा आलेला टास्कही त्या १२८ बरोबर ग्लोबलमध्ये जातो. चेस-लेव्हमध्ये मात्र मी नवा टास्क मालकाच्याच क्यूत बॉटमला ठेवतो. त्याचा डेटा नुकताच हाताळलेला असतो, कॅशमध्ये गरम असतो. बाहेर जातात ते टॉपकडचे, म्हणजे जुने आणि मोठे, आणि दुसऱ्या वर्करला तेच जास्त उपयोगाचे.

इथे एक सापळा आहे. मालक एका सीएएसने १२८ उचलू शकतो हे पाहून चोरालाही एका सीएएसने अर्धी क्यू द्यावी असा मोह होतो, आणि गोमध्ये चोर खरोखरच अर्धी नेतो. चेस-लेव्हमध्ये असं करता येत नाही. तिथे मालक बॉटमकडून काढताना शेवटचा टास्क सोडला तर सीएएस करतच नाही. चोराने टॉप ० पाहिला, क्यूत १० टास्क आहेत असं समजून ५ उचलायचं ठरवलं, तेवढ्यात मालकाने बॉटमकडून ७ काढून चालवले. टॉप अजून ० च आहे, म्हणून चोराचा सीएएस यशस्वी होतो आणि ३ व ४ क्रमांकाचे टास्क दोनदा चालतात. गोमध्ये हे घडत नाही, कारण तिथला मालकही रांगेच्या पुढून सीएएस करूनच काढतो. मालक स्वतः तुकडी उचलतो तेव्हा हा धोका नाही, कारण त्याच वेळी बॉटमकडून काढणारा दुसरा कुणी नसतोच.

ग्लोबल क्यूत टाकलेलं काम कुणीतरी पाहिलं पाहिजे. आपली क्यू रिकामी झाली की आधी ग्लोबल, मग इतरांच्या क्यू, हा क्रम ठेवा. पण तेवढं पुरत नाही. दोन टास्क एकमेकांना सतत जन्म देत राहिले तर त्या वर्करची क्यू कधी रिकामी होतच नाही. सगळ्याच वर्करवर अशा जोड्या बसल्या, तर ग्लोबलमधले टास्क तसेच पडून राहतात. म्हणून गोचा शेड्यूलर दर ६१ व्या फेरीला आपल्या क्यूच्या आधी ग्लोबल तपासतो. तुम्हीही तोच आकडा घ्या. ग्लोबलमधून उचलताना एकच न उचलता त्याच्या लांबीला वर्करच्या संख्येने भागून त्यात एक मिळवा, आणि जास्तीत जास्त १२८, एवढे उचला. ग्लोबलमध्ये १२८ असतील आणि वर्कर ८, तर एका खेपेला १७.

साखळी टाकल्यावर झोपलेल्या वर्करला उठवायचं राहून गेलं तर प्रोग्राम न अडकता फक्त मंदावतो, आणि असा दोष शोधायला फार जड जातो. टाकणाऱ्याने आधी काम दिसेल असं ठेवायचं, मग सीक्वेन्शियल कन्सिस्टन्सीचा फेन्स (आधीची आणि नंतरची मेमरीची कामं एकमेकांपलीकडे सरकू न देणारी आड), मग झोपलेल्यांची संख्या वाचायची. झोपणाऱ्याने आधी ती संख्या वाढवायची, मग तोच फेन्स, मग सगळ्या क्यू शेवटचं एकदा पाहून मगच डोळा लावायचा. दोघांपैकी एकाचाही फेन्स गाळला, तर दोघेही एकमेकांना न पाहता पुढे जाऊ शकतात. अगदी एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवरही, कारण तिथे स्टोअरच्या पुढे लोड सरकू शकतो.

क्यू भरली तर तो टास्क तिथेच चालवून टाकायचा, हा उपाय बरेच जण सुचवतील. जावाच्या थ्रेडपूल एक्झिक्युटरमध्ये कॉलर-रन्स नावाचं हे धोरण तयार मिळतं. सोपं आहे आणि आपोआप वेग आवरतं. तरी तुमच्या कामात मी ते मुख्य उपाय म्हणून वापरणार नाही. टास्क टाकताना तुम्ही परिणामांच्या यादीचं म्युटेक्स (लॉक) धरलेलं आहे. आत चालणाऱ्या टास्कलाही तेच म्युटेक्स हवं असेल, तर थ्रेड स्वतःलाच अडकवतो. शिवाय आत चाललेला टास्क पुन्हा टास्क काढतो, क्यू भरलेलीच असते, तोही आतच चालतो, आणि स्टॅक वाढत जातो. लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीत थ्रेडचा स्टॅक सहसा ८ एमबी असतो, मुसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर फक्त १२८ केबी. तुमचा टास्क २५६ × २५६ चा, पिक्सेलमागे एक बाइटचा मुखवटा (मास्क) स्टॅकवर ठेवतो, तो ६४ केबी. मुसलवर दुसऱ्या-तिसऱ्या पातळीलाच खेळ आटोपतो. वापरायचंच असेल तर पोट-टास्क नसलेल्या छोट्या टास्कपुरतं वापरा, थ्रेडमागे खोलीचा एक मोजक ठेवा, आणि कुठलंही लॉक हातात असताना टास्क टाकायचाच नाही हा नियम घाला. हा नियम उपाय कोणताही निवडला तरी पाळा.

पोट-टास्क पुरे होण्याची वाट पाहणाऱ्या वर्करलाही हाच स्टॅकचा प्रश्न आहे. त्याने झोपू नये, दुसरं काम करावं, हे बरोबर. पण वाट पाहताना त्याने ग्लोबलमधून २,०४८ टाइल्सचा तुकडा उचलला, तर तो सगळा संपेपर्यंत त्याची मूळची टाइल खाली दाबलेली राहते. अशा वेळी आधी आपल्याच क्यूतलं काढावं, ते संपलं तर इतरांकडून चोरावं, आणि ग्लोबलकडे अगदी शेवटी जावं.

क्यू वाढवत नेणं हा तिसरा मार्ग. अरोरा, ब्लूमोफ आणि प्लॅक्सटन यांच्या १९९८ च्या क्यूचा अॅरे ठरावीक आकाराचा होता. चेस आणि लेव्ह यांनी २००५ मध्ये तो दुप्पट करत नेण्याची सोय केली. अडचण जुन्या अॅरेची असते: एखादा चोर अजून त्यातून वाचत असू शकतो, म्हणून तो लगेच मोकळा करता येत नाही. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे शेड्यूलर बंद होईपर्यंत जुने अॅरे ठेवूनच द्यायचे. २५६, ५१२, १,०२४ अशी बेरीज करत गेलं तरी ती नेहमी सध्याच्या अॅरेपेक्षा कमीच भरते. पण वाढणाऱ्या क्यूला आवर नसतो. जावा ८ च्या फोर्क-जॉइन पूल या वर्क-स्टीलिंग शेड्यूलरमध्ये एक क्यू २ चा २६ वा घात, म्हणजे ६,७१,०८,८६४ जागांपर्यंत वाढते आणि मग एक्सेप्शन येतं. तिथपर्यंत पोचायच्या आधी मशीनची मेमरी संपू शकते. तुमच्या कामाला वाढणारी क्यू लागत नाही.

ग्लोबल क्यूलाही सीमा नाही, मग तिथेच मेमरी भरणार नाही का? भरेल, जर बाहेरून येणाऱ्या कामाला दार नसेल तर. वाट पाहायला लावायची ती जागा हीच. डिस्कवरून चित्रं वाचणारा तुमचा थ्रेड वर्कर नाही, त्याला थांबवल्याने कुणी अडकत नाही. सी++२० चा काउंटिंग सेमाफोर (ठरावीक परवानेच देणारा मोजक) घ्या, सुरुवातीची किंमत २. चित्र वाचायच्या आधी परवाना घ्यायचा, त्या चित्राची शेवटची टाइल झाली की परत करायचा. एक चित्र प्रक्रियेत, दुसरं तयार: दोन्ही मिळून १.५ जीबी, आणि वर्कर रिकामे बसत नाहीत. परवाना परत करण्याचं काम एररच्या वाटेवरही झालंच पाहिजे. दोन खराब फाइल्सनंतर प्रोग्राम कायमचा थांबला, तर आधी तिथे पाहा.

टॉप आणि बॉटमच्या मोजणीत दोन गोष्टी तपासा. दोन्ही ६४-बिट हवेत. ३२-बिट असतील आणि सेकंदाला १ कोटी टास्क वाहत असतील, तर साधारण ७ मिनिटांत मोजणी पूर्ण फिरून जुन्याच आकड्यावर येते, आणि तेवढा वेळ थबकलेल्या चोराचा सीएएस चुकून यशस्वी होऊ शकतो. दुसरं, दोन्ही चिन्हरहित असून ० पासून सुरू होत असतील, तर रिकाम्या क्यूतून काढताना बॉटम एकने कमी होऊन प्रचंड मोठा आकडा बनतो, टॉप त्याहून लहान दिसतो, आणि मालक कचरा टास्क म्हणून उचलतो. चिन्हासहित प्रकार घ्या किंवा दोन्हींची सुरुवात १ पासून करा. क्षमता २ च्या घातातच ठेवा. टॉप आणि बॉटम वेगवेगळ्या कॅश लाइनवर (प्रोसेसर एका वेळी कॅशमध्ये आणतो त्या मेमरीच्या तुकड्यावर) ठेवा. ६४ बाइटचं अंतर किमान, मी १२८ ठेवतो, कारण अनेक इंटेल प्रोसेसर शेजारची लाइनही ओढून आणतात.

मोजमापासाठी प्रत्येक वर्करमागे चार आकडे पुरतात: किती वेळा ओव्हरफ्लो झाला, क्यू कमाल किती भरली, चोऱ्या किती यशस्वी, किती फसल्या. हे आकडे वर्करच्या स्वतःच्या कॅश लाइनवर ठेवा, एकत्र बेरीज फक्त छापताना करा. कमाल लांबी ३० च्या आसपास आणि ओव्हरफ्लो क्वचित, असं चित्र दिसलं की टास्क फोडण्याची पद्धत बरोबर बसली. ओव्हरफ्लो एकाच वर्करवर साचत असेल, तर कुठेतरी फॉर-लूपने टास्क ओतणं शिल्लक आहे. आणि वेळ मोजायची असेल तर मे महिन्यातली दुपार टाळा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात असताना लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, मग आधीचा आणि नंतरचा कोड यांची तुलना खोटी ठरते. पहाटे मोजा, किंवा प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी बांधून मोजा.

चाचणीसाठी क्षमता टेम्प्लेट पॅरामीटर करा आणि ती ४ ठेवून प्रोग्राम चालवा. मग अर्धे म्हणजे २, आणि ओव्हरफ्लोची जी वाट एरवी दिवसातून एकदा लागते ती सेकंदाला हजारो वेळा लागते. प्रत्येक टास्कला क्रमांक द्या, तो चालला की त्या क्रमांकाच्या अॅटॉमिक मोजकात एक मिळवा, आणि शेवटी प्रत्येक मोजक बरोबर १ आहे का ते पाहा. ० आला तर टास्क हरवला: साखळी जोडताना शेपटी चुकली आहे. २ आला तर चोराच्या वाचनाचा आणि सीएएसचा क्रम उलटा झाला आहे, किंवा चोराला तुकडी देऊन बसलात. ८ कोअरच्या मशीनवर ३२ वर्कर लावून हीच चाचणी पुन्हा चालवा, म्हणजे चोर नेमका वाचन आणि सीएएसच्या मध्ये थबकण्याची वेळ वारंवार येते. थ्रेड सॅनिटायझर या थ्रेडमधले दोष पकडणाऱ्या साधनासह एकदा आणि त्याच्याशिवाय एकदा चालवा, कारण त्याने वेळेची गणितं बदलतात आणि काही दोष फक्त एकीकडेच दिसतात. जमलं तर एआरएमच्या एखाद्या मशीनवरही चालवून पाहा. एक्स८६ वर झाकले जाणारे मेमरी ऑर्डरचे दोष तिथे बाहेर पडतात.